टॅब बंद केल्यावर काय होतं? समूहासाठी वेबवरचं चॅट निवडणं आणि चालवणं

समूहासाठी स्वतःचं चॅट उभं करायचं ठरलं की कोणीतरी आधी तक्ता मांडतं. इमोजी आहेत का, गडद थीम आहे का, फाइल पाठवता येते का, फुकट आहे का. मीही मांडला होता. सर्वांत जास्त बरोबरच्या खुणा मिळालेला क्लायंट (म्हणजे ज्या पानातून किंवा ॲपमधून बोलायचं ते) बसवला, दुवा सगळ्यांना पाठवला, आणि तीन आठवड्यांत माणसं जुन्या जागी परत गेली. कारण अगदी साधं होतं. रात्री टॅब बंद केला की सकाळी पान कोरं. "कालची चर्चा कुठे गेली?" असं विचारणाऱ्यांना उत्तरं देता देता नाकी नऊ आले. ती कुठे जायला आधी कोणी ठेवायला तर हवी होती!

तेव्हापासून मी तक्ता नंतर काढते. आधी एक प्रश्न.

पायरी १: टॅब बंद केल्यावर काय होतं, ते बघा

हा प्रश्न विचारला की वेबवरचा कुठलाही चॅट क्लायंट तीनपैकी एका घराण्यात जाऊन बसतो.

पहिल्या घराण्यात टॅब बंद म्हणजे तुम्ही खोलीबाहेर. आयआरसी या जुन्या चॅट-पद्धतीला जोडणारे साधे वेब क्लायंट असे असतात. आयआरसी १९८८ मध्ये यार्को ओइकारिनेन यांनी फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात लिहिलं. त्याच्या मूळ रचनेत सर्व्हर पोस्टमनचं काम करतो: आलेला संदेश त्या क्षणी हजर असलेल्यांना वाटायचा आणि विसरून जायचं. ब्राउझरला आयआरसी थेट बोलता येत नाही, म्हणून मध्ये एक गेटवे लागतो. तो वेबसॉकेटवरून (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीवरून) आलेलं बोलणं आयआरसी सर्व्हरपर्यंत नेतो. कीवी आयआरसी अशाच पद्धतीने चालतो. नाव टाकायचं आणि आत यायचं, खात्याची गरज नाही. मदतकक्ष, एका दिवसाचा कार्यक्रम, पाच मिनिटांत प्रश्न विचारून जाणारे पाहुणे यांच्यासाठी याहून सोपं दार मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या घराण्यात तुम्ही गेलात तरी तुमच्या नावाने कोणीतरी खोलीत बसून राहतं. द लाउंज हा वेब क्लायंट त्याचं ठळक उदाहरण. तो नोडजेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालतो आणि खाजगी पद्धतीने लावला तर प्रत्येक सदस्याची आयआरसी जोडणी तुमच्या सर्व्हरवर चोवीस तास जिवंत ठेवतो. तोच द लाउंज सार्वजनिक पद्धतीने लावला की पहिल्या घराण्यात जातो, टॅब गेला की माणूस गेला. कॉन्फिगमधल्या, म्हणजे सेटिंगच्या फाइलमधल्या, एका ओळीचा फरक आहे, आणि नवखे नेमके तिथेच फसतात. हेच काम झेडएनसी किंवा सोजूसारखे बाउन्सरही (तुमच्या वतीने जोडणी धरून ठेवणारे प्रोग्रॅम) करतात. सोजूच्या पाठीवर गाम्जा नावाचा हलका वेब क्लायंट छान चालतो.

तिसऱ्या घराण्यात इतिहास चॅट सर्व्हरच सांभाळतो. मॅट्रिक्स, झुलिप, मॅटरमोस्ट, रॉकेटचॅट आणि संग्रह चालू केलेला असेल तर एक्सएमपीपी, हे सगळे यात येतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक पटकन लक्षात येत नाही, म्हणून इथे जरा थांबते. दुसऱ्यात आठवण प्रत्येकाची स्वतःची असते. तुमचं खातं ज्या दिवशी खोलीत शिरलं त्या दिवसापासूनचंच तुम्हाला दिसतं, आणि आज आलेल्या सदस्याला पुन्हा कोरंच पान मिळतं. तिसऱ्यात आठवण समूहाची असते. नव्या माणसाला मागचं किती दाखवायचं हे तुम्ही ठरवता. "हे आधी बोलून झालंय, वर बघा" असं वाक्य तुमच्या समूहात रोज कोणी ना कोणी म्हणत असेल, तर तुम्हाला तिसरं घराणं हवंय. (एर्गोसारखे नवे आयआरसी सर्व्हर स्वतः इतिहास ठेवतात, त्यामुळे ही भिंत आता तितकी जाड राहिलेली नाही.)

माझा कल सरळ सांगते. समूह आधीच आयआरसीवर असेल आणि पन्नासेक माणसं असतील तर द लाउंज. सगळे नव्याने येणार असतील आणि बरेचसे फोनवरून येणार असतील तर तिसरं घराणं. एकाच वेळी सात विषय चालणारा बोलका समूह असेल तर झुलिप, कारण तिथे संवाद विषयवार लावलेला असतो. पहिल्या आठवड्यात लोक कुरकुरतात, महिन्याभराने विषय न लिहिणाऱ्यालाच टोकतात. दुसऱ्या समूहांच्या लोकांशीही बोलायचं असेल तर मॅट्रिक्स किंवा एक्सएमपीपी, कारण एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या खोलीत येऊ शकतो. मोझिलाने मार्च २०२० मध्ये स्वतःचा आयआरसी सर्व्हर बंद करून मॅट्रिक्स घेतलं. आयआरसीवरचा त्रास आणि छळ आवरणं अवघड जातं, हे एक कारण त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

पायरी २: कागदावर चार ओळी

एकाच वेळी किती जण हजर असतील, किती जण फक्त फोनवर आहेत, मागचं बोलणं कोणी वाचलेलं चालेल, आणि तुम्ही आठवडाभर गायब झालात तर सर्व्हर कोण बघेल. चौथ्या ओळीत नाव लिहिता येत नसेल तर स्वतः होस्ट करण्याच्या, म्हणजे सर्व्हर स्वतः चालवण्याच्या, फंदात पडू नका. कोणाकडून तरी चालवलेली सेवा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ३: दहा माणसांची चाचणी

बहुतेक प्रकल्पांचा डेमो असतो किंवा चाचणीपुरता सर्व्हर तासाभरात उभा राहतो. तंत्रज्ञांना बाजूला ठेवा आणि समूहातला सगळ्यांत कंटाळा करणारा माणूस पकडा. त्याला फक्त दुवा द्या, बाकी काही सांगू नका, आणि तो कुठे अडखळतो ते नुसतं बघा. पहिल्या पानावर "होमसर्व्हर (खातं ज्यावर असेल तो सर्व्हर) निवडा" असं आलं की निम्मी माणसं तिथूनच मागे फिरतात. चांगली गोष्ट अशी की हे बदलता येतं. मॅट्रिक्सच्या एलिमेंट वेब या क्लायंटच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुमचा सर्व्हर आधीच भरून ठेवता येतो आणि तो बदलण्याची सोयही लपवता येते.

मग मराठीची परीक्षा घ्या. परदेशातल्या तुलना-लेखांत ही सापडणार नाही, आपली आपणच घ्यावी लागते.

आयआरसीची एक ओळ परंपरेने ५१२ बाइटची असते, आणि त्यात खोलीचं नाव, पाठवणाऱ्याचा पत्ता असं सगळं धरलेलं असतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि हलन्ताला ३. म्हणजे जिथे इंग्रजीत चारशेच्या वर अक्षरं मावतात तिथे आपली जेमतेम दीडशे चिन्हं मावतात, आणि "क्ष" लिहिताना त्यातली तीन जातात. चांगला क्लायंट लांब संदेशाचे नीट तुकडे करून पाठवतो, वाईट क्लायंट अक्षराच्या मधोमध कापतो आणि शेवटी चौकोन दिसतात. सहा-सात ओळींचा परिच्छेद चिकटवून पाहा, लगेच कळेल. आयआरसीच्या बहुतेक नेटवर्कवर टोपणनाव देवनागरीत घेता येत नाही, हेही लोकांना आधीच सांगून ठेवा.

शोध तपासा. "सभा" शोधल्यावर "सभेत" आणि "सभेचा" असलेले संदेश सापडतात का? शब्दाचं सामान्यरूप ओळखणारा शोध क्वचितच भेटतो, त्यामुळे निदान शब्दाच्या तुकड्यावर तरी जुळणी होते का ते बघा. मग "र्‍या", "ट्ठ्या", "ॲ" असलेली वाक्यं टाका. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात. ज्या क्लायंटमध्ये स्वतःची सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारे नियम) भरता येते तिथे हे दोन ओळींत दुरुस्त होतं.

शेवटी फोन. सूचना येते का? हा वरवर छोटा आणि आतून किचकट प्रश्न आहे. दुसऱ्या कोणी ॲप स्टोअरवर ठेवलेल्या ॲपला तुमचा सर्व्हर थेट पुश सूचना पाठवू शकत नाही, ती ॲप बनवणाऱ्याच्या गेटवेतून जाते. झुलिप स्वतः होस्ट केलं तर मोबाइल सूचनांसाठी त्यांच्या सेवेत सर्व्हरची नोंद करावी लागते. ब्राउझरमधूनच सूचना देणाऱ्या क्लायंटला एचटीटीपीएस (सुरक्षित वेब जोडणी) लागतं. आयफोनवर तर आयओएस १६.४ किंवा पुढची आवृत्ती हवी, आणि पान होम स्क्रीनवर जोडलेलं हवं. नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये सूचना येणार नाही. हे माहीत नसल्यामुळे मी एकदा अख्खी संध्याकाळ सर्व्हरचे लॉग चाळत बसले होते. सर्व्हर बिचारा निर्दोष होता.

पायरी ४: जागा आणि नाव

द लाउंज किंवा प्रॉसडीसारखा एक्सएमपीपी सर्व्हर छोट्या समूहासाठी १ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) निवांत चालतो. झुलिपला किमान २ जीबी लागते, आणि त्याचा इन्स्टॉलर सगळं यंत्र आपलंच आहे असं धरून चालतो, म्हणून त्याला वेगळा सर्व्हर द्या. मॅट्रिक्सचा सिनॅप्स हा सर्व्हर तुमच्या पन्नास माणसांमुळे दमत नाही. त्यातला एक जण बाहेरच्या हजारो सदस्यांच्या खोलीत शिरला की मात्र धापा टाकतो. त्याचा डेटाबेस सुरुवातीपासून पोस्टग्रेसच ठेवा, एस्क्यूलाइट फक्त चाचणीपुरता.

नावाबाबत एक इशारा. मॅट्रिक्समध्ये सर्व्हरचं नाव प्रत्येक सदस्याच्या ओळखीत कोरलेलं असतं आणि नंतर बदलता येत नाही. "चाचणी" असं काही उपडोमेन टाकून सुरुवात केलीत तर ते कायमचं चिकटेल. मुख्य डोमेनचं नाव द्या. सर्व्हर प्रत्यक्षात दुसऱ्या उपडोमेनवर असला तरी चालतं, कारण मुख्य डोमेनवर एक छोटी फाइल ठेवून तसं सांगता येतं.

डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवलंय? आमचं एका उत्साही सदस्याच्या वैयक्तिक पत्त्यावर होतं. त्याचा उत्साह आणि डोमेनची मुदत एकाच महिन्यात संपली. तेव्हापासून नोंदणीचा ईमेल समूहाचा असतो आणि किमान दोघांना उघडता येतो. सदस्यांना दुवाही नेहमी स्वतःच्या डोमेनचाच द्या. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या मालकीवरून वाद झाला, तिथले बरेच स्वयंसेवक चालक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क सुरू केलं. अनेक समूहांना रातोरात बस्तान हलवावं लागलं. अशा वेळी लोकांच्या हातात तुमचा स्वतःचा दुवा असला तर मागची जोडणी बदलून भागतं.

पायरी ५: दार बसवा

चॅटचं सॉफ्टवेअर थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. ते फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकू द्या (द लाउंजचं नेहमीचं पोर्ट ९००० आहे) आणि पुढे एनजिनएक्स किंवा कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आधी स्वतः घेऊन आत पोहोचवणारा प्रोग्रॅम) लावा. एनजिनएक्स घेतलात तर तीन ठिकाणी घोडं अडतं, आणि ते प्रत्येकाचं अडतं.

पान उघडतं, रंगसंगती दिसते, पण "जोडत आहे" पुढे सरकत नाही: प्रॉक्सी वेबसॉकेट पुढे पाठवत नाहीये. एचटीटीपी १.१ आणि "अपग्रेड" व "कनेक्शन" ही दोन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) कॉन्फिगमध्ये हातानं लिहावी लागतात. चॅट शांत असलं की दर मिनिटाला जोडणी तुटते: वाचण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते, ती वाढवा. मोठी फाइल पाठवली की ४१३ क्रमांकाची चूक येते: विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे, तीही वाढवा. कॅडीत वेबसॉकेट आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र दोन्ही आपोआप होतं. नवख्यांना मी आता तेच सुचवते.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं घ्या. त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण स्वयंचलितच हवं. आणि नूतनीकरणानंतर एनजिनएक्स रीलोड होतो ना, तेही बघा. आमच्याकडे नवं प्रमाणपत्र वेळेवर डिस्कवर येऊन पडलं होतं आणि एनजिनएक्स शांतपणे जुनंच दाखवत होता. एका रविवारी सकाळी सगळ्यांच्या ब्राउझरवर लाल पाटी.

एलिमेंट वेब म्हणजे नुसत्या स्थिर फाइल्स, कुठेही ठेवता येतात. पण ज्या डोमेनवर मॅट्रिक्स सर्व्हर आहे त्याच डोमेनवर ठेवू नका. सदस्यांनी चढवलेल्या फाइल सर्व्हरवरून येतात, आणि त्यातून एखादी खोडसाळ स्क्रिप्ट चालली तर क्लायंटमधल्या, संदेश उलगडणाऱ्या चाव्यांपर्यंत हात पोहोचू शकतो. एक वेगळं उपडोमेन घेतलं की काम झालं.

पायरी ६: सगळे एकाच पत्त्यावरून

आयआरसी घेणाऱ्यांनी ही पायरी दोनदा वाचा, बाकीच्यांनी पुढे जा. तुमच्या वेब क्लायंटमधून जाणारी सगळी माणसं बाहेरच्या नेटवर्कला एकाच आयपी पत्त्यावरून आलेली दिसतात. नेटवर्क एका पत्त्यावरून ठरावीकच जोडण्या घेतं, त्यामुळे पहिले काही जण आत जातात आणि उरलेले दाराबाहेर राहतात. त्याहून वाईट म्हणजे एकाने खोडसाळपणा केला आणि चालकांनी त्याचा पत्ता बंद केला, तर सगळा समूह बाहेर. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा खोडकर एक होता आणि माफीचे ईमेल मी लिहीत होते.

यावर वेबआयआरसी नावाची सोय आहे. गेटवे एका ठरलेल्या पासवर्डने सर्व्हरला प्रत्येक सदस्याचा खरा पत्ता कळवतो. सर्व्हर तुमचा असेल तर हे लगेच लावा. नेटवर्क दुसऱ्याचं असेल तर चालकांना आधी लिहा, किती माणसं येणार ते सांगा आणि जोडण्यांची मर्यादा वाढवून मागा. प्रॉक्सीमागे असताना मूळ पत्ता पुढे पाठवणारं हेडर क्लायंट मानतो ना, हेही तपासा, नाहीतर सगळ्यांचा "खरा" पत्ता म्हणून तुमचा स्वतःचाच पत्ता जाईल. आणि द लाउंजमध्ये नेटवर्क कुलूपबंद करा. ते उघडं राहिलं तर कोणीही तुमच्या सर्व्हरआडून जगातल्या कुठल्याही आयआरसी नेटवर्कवर जाऊन धिंगाणा घालू शकतो.

पायरी ७: कोणाला आत घ्यायचं

नोंदणी सताड उघडी ठेवली की आधी बॉट येतात, मग माणसं. मॅट्रिक्समध्ये नोंदणीसाठी टोकन (प्रवेशाचे संकेतशब्द) देता येतात, झुलिपमध्ये आमंत्रणाचे दुवे, द लाउंजमध्ये खातं चालकानेच बनवायचं. सुरुवातीला हेच वापरा.

माणूस काढणं, संदेश पुसणं, खोली काही काळ गप्प करणं, ही तीन कामं चाचणीच्या काळातच खोट्या खात्यावर करून पाहा. गरज पडते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि बटण सापडत नाही. नियंत्रक किमान तीन हवेत आणि त्यांच्या झोपायच्या वेळा वेगळ्या असल्या तर उत्तम.

मॅट्रिक्समध्ये टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता (एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणारे सोडून कोणालाच वाचता न येणं) चालू करावी का, हे बरेच जण विचारतात. एकदा खोलीत चालू केली की ती बंद करता येत नाही. ज्या खोलीत कोणीही येऊ शकतं तिथे तिचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त: नव्या सदस्याला जुने संदेश उलगडत नाहीत, आणि रिकव्हरी की (जुने संदेश उघडायची राखीव चावी) हरवलेले लोक रोज तुमच्याकडे येतात. खाजगी समित्यांच्या खोल्यांत मात्र जरूर चालू करा, कारण ती नसेल तर सर्व्हर चालवणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, सगळं वाचता येतं. हे सदस्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. नोंदी किती दिवस ठेवणार, खातं पुसलं की संदेशांचं काय होणार, हेही त्याच पानावर लिहा.

दुव्यांची झलक दाखवायची असेल तर ती तुमचा सर्व्हर आणून देतो. कोणी मुद्दाम तुमच्या आतल्या यंत्रणेचा पत्ता टाकला तर सर्व्हर तिथेही डोकावेल. सिनॅप्समध्ये झलक चालू करताना वर्ज्य पत्त्यांची यादी द्यावीच लागते. इतरत्र अशी सोय दिसली नाही तर झलक बंदच ठेवा.

पायरी ८: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

डेटाबेस, चढवलेल्या फाइल आणि कॉन्फिग, रोज, दुसऱ्या यंत्रावर. मॅट्रिक्स असेल तर सर्व्हरची सही करणारी चावीही त्यात हवी. मग एखाद्या दुपारी रिकाम्या यंत्रावर तो बॅकअप खरोखर उभा करा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा, तो आकडा संकटाच्या वेळी लोकांना सांगता येतो. नव्या आवृत्त्यांच्या सूचना ईमेलवर येतील अशी व्यवस्था करा आणि सुरक्षेची दुरुस्ती आली की त्याच दिवशी बसवा.

पायरी ९: माणसं हलवा

जुना गट पहिल्याच दिवशी बंद करू नका. आधी नियंत्रक आणि नेहमीचे आठ-दहा बोलके सदस्य नव्या जागी आणा, म्हणजे नवा माणूस शिरतो तेव्हा खोली ओस दिसत नाही. दोन आठवडे दोन्ही ठिकाणं चालू ठेवा, पण घोषणा फक्त नव्या जागी करा. मग जुन्या गटात बोलणं बंद करून वर एकच संदेश टांगा: दुवा, खातं कसं उघडायचं त्याच्या तीन ओळी, आणि अडकल्यास कोणाला विचारायचं त्याचं नाव. तो संदेश निदान सहा महिने तिथेच राहू द्या. चार महिन्यांनी उगवून "सगळे कुठे गेले?" असं विचारणारा एक तरी असतोच.